ठाव घेणारी परीक्षा

परवा दिवेलागणीच्या वेळी आमच्या शेजारची वहिनी दारात आली. हातात शाळेतून आलेला एक कागद आणि मागे तिचा चौथीतला झील, तोंड पाडून उभा. “मास्तर, हें कितें तें जरा पळयात,” म्हणाली. मी चष्मा लावून पाहिलं. कागदावर एक आडवी रेघ, रेघेवर एक ठिपका, ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना थोडी करडी पट्टी आणि खाली एक आकडा. शंभरपैकी किती, पहिला की दुसरा, पास की नापास, यातलं काहीच नव्हतं.

मुलाची तक्रार वेगळीच होती. संगणकावर परीक्षा झाली. पहिली दोन-तीन गणितं अगदी सोपी आली, मग कठीण येत गेली आणि शेवटी तर त्याला काही येईनाच. शेजारच्या मुलीला मात्र निराळेच प्रश्न! घरी येऊन तो रडला, आणि आईनं दुसऱ्याच दिवशी शिकवणी ठरवून तीन सरावपुस्तकं विकत आणली. खाणी बंद पडल्यापासून त्या घरात पैसा कसा येतो ते मला ठाऊक आहे, म्हणून त्या तीन पुस्तकांचं मला जास्त वाईट वाटलं. “शिकवणी महिनाभर थांबव,” एवढंच मी त्या दिवशी म्हटलं. पण तिला नीट समजावून सांगायला मला आठवडा लागला. समजावता समजावता मी कुठल्या कुठे जाऊन पोचलो, ते इथे लिहून ठेवतो.

शाळावाले या परीक्षेला ‘अ‍ॅडॅप्टिव्ह टेस्ट’ म्हणतात. कोणी मराठीत अनुकूली चाचणी म्हणतात. मी आपला तिला ठाव घेणारी परीक्षा म्हणतो. माझं मूळ गाव पेडणे महालातलं. शिवोली आणि चोपडे यांच्यामध्ये पूल नव्हता तेव्हा शापोरा नदी तरीतून ओलांडावी लागायची. उथळ पाण्यात होडीवाला लांब काठी टाकून पाहायचा. काठी तळाला लागली की थोडी पुढे टाकायची, लागली नाही की थोडी अलीकडे. दोन-चार वेळा असं केलं की त्याला कळायचं पाणी कुठे किती आहे ते. काठी तळाला लागली नाही म्हणून नदी नापास झाली असं त्याला कधी वाटलं नाही! संगणक मुलाशी हेच करतो. बरोबर उत्तर आलं की थोडा कठीण प्रश्न, चुकलं की थोडा सोपा. असं करत करत जिथे मुलाचं निम्मं बरोबर आणि निम्मं चूक येऊ लागतं, तिथे येऊन तो घुटमळतो. तोच मुलाचा ठाव.

म्हणजे परीक्षा नीट चालली असेल तर वर्गातल्या सर्वांत हुशार मुलालाही शेवटी ती कठीणच वाटायला हवी. शेजारच्या झिलाला रडू आलं, ते परीक्षा बरोबर चालल्याचं लक्षण होतं. हे त्याला आधी कोणी सांगितलं नव्हतं, एवढीच काय ती चूक.

ही कल्पना अमेरिकेतून आली असं वहिनीला वाटत होतं. मी तिला माझ्या वडिलांची शाळा सांगितली. नव्वद-एक वर्षांपूर्वीची गोष्ट, पोर्तुगीज अमदानीतली. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणून तर त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. बारदेश-तिसवाडीसारखी पोर्तुगीज भाषा इथे घराघरांत कधी शिरलीच नाही. लिहिणं-वाचणं मराठीतून, कीर्तन-पुराण मराठीतून, आणि सोयरीक सावंतवाडीशी. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या भाटकाराच्या ओसरीवर पंतोजीची शाळा भरायची. पंतोजी बहुधा घाटाखालूनच आलेला, मालवण-वेंगुर्ल्याकडचा. पगार म्हणजे थोडे रुपये, थोडं भात, चार नारळ आणि कोणाकडे तरी जेवण.

त्या शाळेत इयत्ता नसत. एक मुलगा धूळपाटीवर बोटानं ‘ग’ गिरवतोय, दुसरा मोडी वळण काढतोय, तिसरा पावकी-निमकी घोकतोय. पंतोजी एकेकाला पुढ्यात बोलवायचा. वडील सांगायचे, एकदा त्यांना पाऊणकी म्हणायला लावली. ते बारापर्यंत सुरेख गेले आणि ‘तेरा पाऊणे’ला अडले. पंतोजीनं छडी उचलली नाही (त्या दिवशी तरी!). तो एक पायरी खाली उतरला, “निमकी म्हण.” तेरा निमे साडेसहा, ते आलं. “आता तेराचा पाव किती?” सव्वातीन. “मग दोन्ही मिळव की!” साडेसहा आणि सव्वातीन, पावणेदहा. लगेच पंतोजी वरच्या पायरीवर. “तेराची सवायकी?” ती काही आली नाही. पंतोजीनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून वडिलांची सवायकी सुरू झाली. परीक्षा संपली, धडा ठरला. पास नाही, नापास नाही, गुणपत्रक नाही.

या शाळेचं कौतुक मी बेतानंच करतो, कारण ती सगळ्यांची शाळा नव्हती. त्या ओसरीवर मुली दिसत नसत, गावातल्या निम्म्याअधिक जातींची मुलं तर अंगणाच्याही बाहेर. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. पण जी मुलं आत होती, त्यांच्यापुरतं पाहिलं तर प्रत्येकाचा ठाव पंतोजीला ठाऊक असे.

मग आपल्या मनात परीक्षेची धास्ती बसली कुठून? ती दुसऱ्या वाटेनं आली. पोर्तुगीज राज्यात सरकारी नोकरीचं दार पोर्तुगीज भाषेतून उघडायचं. प्राथमिकच्या पहिल्या ग्रावची परीक्षा, मग दुसऱ्या ग्रावची, मग पणजीचं लिसेंव. अग्रशाळेत मोडी शिकलेल्या पोरानं त्या दाराशी कितीही डोकं आपटलं तरी व्यर्थ. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले, आणि मग मराठी शाळा निघण्याला जोर आला. तरीही मॅट्रिक व्हायचं तर मुंबई विद्यापीठाची परीक्षा. ती १८५९ पासून सुरू झालेली. त्यासाठी मुलगा सावंतवाडीला, बेळगावला नाहीतर मुंबईला कोणा नातेवाइकाकडे ठेवायचा. नापास झाला तर घरचं सोनं पाण्यात. एका उन्हाळ्यात एका कागदावरून अख्ख्या घराचं नशीब ठरायचं.

पुढे १९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब मूळचे पेडण्याचेच. त्यांच्या कारकिर्दीत वाड्यावाड्यावर सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. १९६० च्या आसपास गोव्यात शंभरांतली तीसेक माणसं साक्षर होती, २०११ च्या जनगणनेत ८८.७ टक्के. पन्नास वर्षांत केवढी मजल! माझ्यासारख्या किती तरी जणांना मास्तरकी मिळाली ती याच शाळांमुळे. पण शाळा आल्या तशा इयत्ता आल्या, आणि इयत्तेबरोबर वार्षिक परीक्षा आली. १९७५ साली गोव्याचं स्वतःचं शालान्त मंडळ होईपर्यंत आमची मुलं पुण्याच्या मंडळाच्या परीक्षेला बसत. चौथीतल्या चाळीस मुलांना एकच प्रश्नपत्रिका. दहा जणांना ती पोरखेळ, दहा जणांना डोक्यावरून जाणारी. मी स्वतः तीस वर्षं अशा प्रश्नपत्रिका काढल्या. गणितात बारा गुण मिळवणाऱ्या पोराला नक्की काय येतं, हे त्या बारावरून मला कधीच कळलं नाही. कळायचं ते फक्त त्याला काय येत नाही. त्याच्या आईला तेवढंही कळत नसे, तिला कळायचा तो तांबडा शेरा.

पहिली परीक्षा ठाव घेणारी, दुसरी गाळून काढणारी. दोन्ही लागतात. डॉक्टर करायचा तर गाळावंच लागेल. पण आपल्या तीन-चार पिढ्यांनी गाळणारीच भोगली, त्यामुळे कुठलीही परीक्षा समोर आली की आपल्याला आधी चाळणच दिसते.

आता थोडं बाहेर जाऊ. १९०४ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण खात्यानं एक समिती नेमली. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत कशी द्यायची, हा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने हा मानसशास्त्रज्ञ त्या समितीत होता. त्यानं सिमोन नावाच्या तरुण डॉक्टरला हाताशी धरून १९०५ साली तीस प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली, आणि १९०८ मध्ये ते प्रश्न वयाप्रमाणे लावले. तीन वर्षांच्या मुलाला नाक-डोळे दाखवायला सांग, त्याहून मोठ्याला आकडे मागोमाग म्हणायला लाव, अशी चढती पायरी. तपासणारा समोर बसलेल्या मुलाच्या बेताबेतानं सुरुवात करी, सगळं येतं तिथून वर वर जाई आणि काहीच येईनासं झालं की थांबे. आजच्या संगणकी चाचणीचे इतिहासकार आपलं मूळ इथे दाखवतात. आमचा पंतोजी त्यांना ठाऊक नाही, त्याला कोण काय करणार!

मुलाच्या बुद्धीवर कायमचा शिक्का मारायला ही पट्टी वापरू नका, असं बिनेचं ठाम मत होतं. मूल सरावानं आणि चांगल्या शिकवण्यानं वाढतं, हे त्यानं १९०९ मध्ये लिहून ठेवलं. दोन वर्षांनी तो वारला. आणि अमेरिकेत जाताच त्याच्या पट्टीची चाळण झाली. गोडार्डनं ती बोटीतून उतरणाऱ्या परदेशी गरिबांवर चालवली. टर्मननं १९१६ मध्ये तिची नवी आवृत्ती काढली, आणि पहिल्या महायुद्धात अशाच चाचण्या सतरा लाखांवर सैनिकांना देऊन माणसांच्या जाती लावल्या गेल्या. ठाव घ्यायची काठी उलटी धरली की तिचा सोटा होतो, तो असा.

आपल्या भागात ही पट्टी आणली ती व्ही. व्ही. कामत यांनी. कामत हे आडनाव वाचून गोंयकाराचे कान टवकारतील, पण काम झालं ते धारवाडला. टर्मनच्या आवृत्तीवरून त्यांनी मराठी आणि कानडी अशा दोन भाषांत प्रश्न तयार केले, हजाराहून जास्त मुलांवर ते तपासले आणि १९४० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ‘बिने-कामत’ या नावानं ती चाचणी पुढे अनेक दशकं आपल्याकडच्या रुग्णालयांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत चालली. मला त्यांच्या कामातली भाषेची गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलाला विचारायचं तर ते त्याच्या भाषेत, त्यानं पाहिलेल्या वस्तूंविषयी. नाहीतर तुम्ही मोजता भलतंच.

हे इथे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या पेडणे-डिचोलीच्या मुलाची गंमत अशी की, तो घरी कोंकणी बोलतो, सरकारी प्राथमिक शाळेत मराठीतून शिकतो, आणि पाचवीला गेला की सगळं इंग्रजी. त्याला इंग्रजीत गणिताचा शाब्दिक प्रश्न दिला आणि तो अडला, तर काठी कशाला लागली? गणिताच्या तळाला की इंग्रजीच्या चिखलाला? वहिनीच्या झिलाला मी तोच प्रश्न मराठीत विचारला तेव्हा त्यानं बोटं मोडली आणि उत्तर दिलं. मग मी तिला म्हटलं, शाळेत जाऊन आधी हे विचार, परीक्षा कुठल्या भाषेत होती.

संगणकाशिवायही ठाव घेता येतो, हे आपल्याच काळात एका मराठी माणसानं देशभर करून दाखवलं. माधव चव्हाण यांच्या ‘प्रथम’ संस्थेनं २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी सुरू केली. गावातले स्वयंसेवक घरोघर जातात, मुलाला अंगणात बसवून चार सोप्या वाक्यांचा उतारा वाचायला देतात. वाचला, की दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही वाचता आला, की सुटे शब्द, पाचांतले चार यायला हवेत. तेही नाही जमले, तर अक्षरं. गणितातही तसंच, हातच्याची वजाबाकी आली की भागाकार, नाही आली की आकडे ओळखणं. पाच-दहा मिनिटांत काम संपतं. पुढे या संस्थेनं मुलांना वयाप्रमाणे नव्हे तर पातळीप्रमाणे गट करून शिकवायची पद्धत रुजवली. वाचताना मला सारखी ती अग्रशाळा आठवत होती. फरक इतकाच की आता मुलीही ओसरीवर होत्या, आणि सगळ्या वाड्यांवरची मुलं.

संगणकानं यात नवं काय केलं? एका शिक्षकाला एका वेळी एकच मूल तपासता येई, संगणक चाळीस जणांचा ठाव एकदम घेतो. त्यासाठी प्रत्येक प्रश्न किती कठीण ते आधी हजारो मुलांवर तपासून एकाच रेघेवर मांडून ठेवावं लागतं. रास्क नावाच्या डॅनिश गणितज्ञानं १९६० मध्ये त्याचं गणित सांगितलं होतं. म्हणूनच वहिनीच्या कागदावर रेघ आणि ठिपका होता, आणि म्हणूनच शेजारच्या मुलीला वेगळे प्रश्न येऊनही दोघांना एका रेघेवर ठेवता येतं. बाजूची करडी पट्टी म्हणजे अंदाज इतका इकडेतिकडे असू शकतो, अशी कबुली. आमच्या जुन्या गुणपत्रकानं अशी कबुली कधी दिली नाही!

आमच्यातल्या काही घरांना हा प्रकार आधीपासून ठाऊक आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेला जाणाऱ्या इंजिनिअर मुलांची जीआरई संगणकावर अशीच होऊ लागली. २०२३ पासून आपल्याकडे बसणाऱ्या मुलांची सॅटही तशीच झाली, पहिल्या भागावरून दुसरा भाग सोपा की कठीण ते ठरतं. न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याची मुलगी शाळेत वर्षातून दोन-तीनदा ‘मॅप’ नावाची चाचणी देते आणि संध्याकाळी दुसरं काही विचारावं तसं तिला आई विचारते, “आज कठीण आलं का गं?” “हो.” विषय संपला. डेन्मार्कनं मात्र २०१० पासून अशा चाचण्या देशभर घेतल्या आणि त्यांच्या अचूकतेवर बरीच टीका झाल्यावर नंतर ती पद्धत सोडली. तेव्हा संगणक म्हणतो ते ब्रह्मवाक्य, असंही नाही.

वहिनीला मी शेवटी काय सांगितलं? सरावपुस्तकं परत करता आली तर कर. या परीक्षेत पाठांतर टिकत नाही. चार प्रश्न घोकून आले तर संगणक पाचवा त्याहून कठीण देणार, आणि मूल जिथे नाही तिथे त्याला नेऊन ठेवणार. मग शिक्षक त्या जागेपासून शिकवतील आणि पोराचे हाल. त्याऐवजी मुलाला परीक्षेच्या आदल्या दिवशी एवढंच सांग: कठीण येईल, सगळ्यांनाच येईल, निम्मं चुकलं तरी काही बिघडत नाही. पुष्कळदा या परीक्षेत मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, म्हणून प्रश्न पुरता वाच, कागदावर आकडेमोड कर, मग बटण दाब. कंटाळून भराभर काहीतरी दाबलंस तर काठी हवेत फिरली म्हणायची, ठाव लागतच नाही. माऊस आणि पडद्याची सवय नसेल तर शाळेच्या संगणकावर दोन दिवस हात बसू दे. आमच्याकडे ही साधी गोष्ट नाही. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरीतली पोरं मोबाइलला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढत होती, ते आपण पाहिलंय. ज्या मुलाच्या घरी संगणक आहे आणि ज्याच्या घरी नाही, त्या दोघांचा ठिपका एका रेघेवर ठेवताना शाळेनं हे लक्षात घ्यायला हवं. आणि घरी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घे. मराठी पेपर चालेल, देवळातल्या जत्रेचं पत्रक चालेल.

“आणि शाळेत जाऊन मॅडमना विचार,” मी म्हटलं, “ह्या आकड्याचं तुम्ही पुढे काय करणार? त्यावरून उद्या याला काय शिकवणार, ते सांगा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “असं विचारलेलं चालतं?”

तीस वर्षांत मला असं कोणत्याच आईनं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, कोण जाणे. बहुतेक म्हटलं असतं, अभ्यास घ्या.

ती गेली होती. मॅडमनी तिला बसवून घेतलं आणि रेघेवर बोट ठेवून दाखवलं, की बेरीज-वजाबाकी पक्की आहे, अपूर्णांकांत अडतो. परीक्षा इंग्रजीत होती, पुढच्या वेळी मराठीतून घेता येते का ते बघते म्हणाल्या. तेव्हापासून झील आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येतो. अपूर्णांक म्हणजे दुसरं काय, आमची पावकी-निमकीच! कालच त्याला पाऊणकी म्हणायला लावली. तोही नेमका तेराला अडला. मी म्हटलं, “निमकी सांग.”